बालेवाडीतलं पाच मोसमांचं बिऱ्हाड

७ जानेवारी २०२३, शनिवार. पुण्यातल्या बालेवाडीच्या सेंटर कोर्टवर पहिला सेट गमावलेला नेदरलँड्सचा टॅलन ग्रीक्सपूर फ्रान्सच्या बेंजामिन बोंझीला ४-६, ७-५, ६-३ असं हरवतो आणि एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या, मालिकेतलं कारकिर्दीतलं पहिलं विजेतेपद खिशात घालतो. महाराष्ट्र ओपन या टेनिस स्पर्धेतला पुरुष एकेरीचा तो शेवटचा सामना ठरला. पुढच्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एटीपीच्या वेळापत्रकात पुण्याच्या जागी हाँगकाँग होतं. ‘पुण्याची स्पर्धा गेली’ अशी हळहळ बरीच झाली. पण ती पुण्याची होती का?

एटीपी २५० दर्जाची (विजेत्याला क्रमवारीचे २५० गुण देणारी) स्पर्धा हा एक परवाना असतो. तो कुणाच्या तरी मालकीचा असतो, त्याचा सौदा होतो, आणि मालकाला परवडेल त्या गावी तो जातो. शहराचा वाटा एवढाच, की जागा द्यायची, प्रायोजक जमवायचे आणि खुर्च्या भरायच्या. आपल्याकडचा परवाना आयएमजी या क्रीडा व्यवस्थापन कंपनीच्या हातात होता. त्यामुळे या स्पर्धेचा इतिहास सांगायचा म्हणजे विंचवाच्या बिऱ्हाडाचाच इतिहास सांगायचा.

तशी ही फिरस्ती जुनीच. सत्तरच्या दशकात ग्रां प्री या तेव्हाच्या टेनिस मालिकेतली भारतातली स्पर्धाही कधी दिल्ली, कधी कोलकाता, कधी मुंबई अशी फिरायची. १९७३ मध्ये दिल्लीत ती विजय अमृतराजने जिंकली होती. पुण्याला आलेल्या स्पर्धेची सुरुवात १९९६ ची, तीही दिल्लीतच. पहिला विजेता स्वीडनचा थॉमस एन्क्विस्ट. पुढच्याच वर्षी मुक्काम चेन्नईला हलला आणि तिथे मात्र तब्बल एकवीस वर्षं टिकला. नुंगंबाक्कमच्या त्या स्टेडियममध्ये स्टॅन वावरिंका चार वेळा जिंकला. २००८ मध्ये नदालने उपांत्य फेरीत कार्लोस मोयाशी जवळपास चार तास झुंज दिली आणि दुसऱ्या दिवशी मिखाईल यूझ्नीकडून ६-०, ६-१ असा मार खाल्ला. २००९ मध्ये वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, आलेला सोमदेव देववर्मन थेट अंतिम फेरीत पोचला आणि मारिन चिलिचकडून हरला. या स्पर्धेच्या एकेरीत भारतीय खेळाडूने गाठलेली सर्वांत वरची पायरी आजही तीच आहे.

२०१७ मध्ये स्पर्धा पुण्याला हलवल्याची घोषणा झाली तेव्हा चेन्नईकरांना धक्का बसला. आपण मात्र अगदीच रिकाम्या हाताने उभे नव्हतो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं शिवछत्रपती क्रीडा संकुल होतं, पाठीशी राज्य सरकार होतं, आणि महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेला चॅलेंजर, म्हणजे एटीपी २५० च्या खालच्या दर्जाच्या, स्पर्धा भरवायचा काही वर्षांचा सराव होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूझीलंडविरुद्धची डेव्हिस चषक लढतही बालेवाडीतच झाली होती. लिअँडर पेसला दुहेरीत त्रेचाळिसावा विजय मिळवून विश्वविक्रम करायची संधी होती. तो आणि विष्णू वर्धन हरले, भारताने लढत मात्र जिंकली.

पुण्याचा पहिला विजेता २०१८ चा जिल सिमाँ. उपांत्य फेरीत चिलिच आणि अंतिम फेरीत केव्हिन अँडरसन, असे दोन ताडमाड गडी त्याने केवळ चेंडू परत करकरून दमवले. त्याच स्पर्धेत तो दुहेरीचीही अंतिम फेरी खेळला आणि हरला.

खरी मैफल पुढच्या वर्षीची. एका बाजूला अँडरसन, उंची २ मीटर ३ सेंटिमीटर. दुसऱ्या बाजूला इवो कार्लोविच, २ मीटर ११ सेंटिमीटर, वय ३९. १९७७ मध्ये केन रोझवॉल खेळला होता, त्यानंतर एटीपी स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला इतका वयस्क खेळाडू नव्हता. तीन सेट झाले आणि तिन्ही टायब्रेकला, म्हणजे ६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमला, गेले: ७-६, ६-७, ७-६. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे. इथल्या किंचित विरळ हवेत चेंडू थोडा जास्त पळतो, आणि असल्या सर्व्हिसला तेवढंही पुरतं. रॅली बघायला आलेल्यांची निराशा झाली असेल. माझ्या मागच्या रांगेत स्वेटर, मफलर, कानटोपी अशा जामानिम्यात बसलेले एक आजोबा दुसऱ्या सेटमध्येच म्हणाले, “परत मारू द्यायचं नसेल तर पलीकडे माणूस उभा कशाला केलाय?” पण तिसऱ्या टायब्रेकला तेच आजोबा उभे राहून कार्लोविचच्या नावाने ओरडत होते. टायब्रेक ७-५ असा अँडरसनने घेतला. आजोबा बराच वेळ खाली बसले नाहीत.

यानंतर वेळापत्रकाचं ग्रहण लागलं. मुळात जानेवारीचा तो आठवडा सोयीचा आणि अडचणीचाही. सोयीचा अशासाठी, की ऑस्ट्रेलियन ओपन जवळ आलेली असते आणि सगळ्यांनाच सराव हवा असतो. अडचण अशी, की त्याच आठवड्यात ब्रिस्बेन आणि दोहा असायचे. ब्रिस्बेनला खेळणारा आधीच ऑस्ट्रेलियात पोचलेला असतो. दोह्याला २०१९ मध्ये खुद्द जोकोविच खेळला. त्यांच्यापुढे आपण मोठी नावं ओढायची तरी कशी? त्यात २०२० पासून जानेवारीत एटीपी कप ही देशांच्या संघांची स्पर्धा आली आणि पुण्याची रवानगी फेब्रुवारीत झाली. ऑस्ट्रेलिया संपली की निम्मे खेळाडू युरोपातल्या इनडोअर कोर्टांवर जातात, निम्मे दक्षिण अमेरिकेच्या मातीवर. वाट वाकडी करून पुण्याला यायचं कुणी? त्या वर्षी जिरी वेसेली वाटेत मॅच पॉइंट वाचवत वाचवत जिंकला. जोकोविचशी दोनदा खेळून दोन्ही वेळा जिंकलेला हा माणूस, पण पुण्यात त्याला रस्त्यात कुणी ओळखलं असतं असं वाटत नाही. २०२१ कोविडने खाल्लं. २०२२ मध्ये पोर्तुगालचा जुआंव सौझा जिंकला. २०२३ ला स्पर्धा जानेवारीत परतली, पण अव्वल मानांकित चिलिचने गुडघ्यामुळे उपांत्यपूर्व सामन्याआधी माघार घेतली आणि ग्रीक्सपूरला पुढे चाल मिळाली.

घरच्या खेळाडूंचं काय? दुहेरीत रोहन बोपण्णाने दोनदा करंडक उचलला, २०१९ ला दिविज शरणबरोबर आणि २०२२ ला रामकुमार रामनाथनबरोबर. एकेरीत मात्र पाचही मोसमांत एकही भारतीय उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला नाही. पुण्याच्या अर्जुन कढेला वाइल्ड कार्ड मिळालं, आणि शेवटच्या वर्षी पंधरा वर्षांच्या मानस धामणेलाही. मानस मायकेल म्मोहकडून ६-२, ६-४ असा हरला. त्याची हार बघायला जेवढी गर्दी होती, तेवढी काही मानांकितांच्या विजयालाही नव्हती.

बालेवाडीत आता चॅलेंजर होते. दर्जा एक पायरी खाली आणि मोठी नावं जवळपास नाहीतच. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथली एकेरी मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने जिंकली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हाच गडी, क्रमवारीत २०४ वा, पात्रता फेरीतून शांघाय मास्टर्स या एटीपी २५० पेक्षा बऱ्याच वरच्या दर्जाच्या स्पर्धेत शिरला, उपांत्य फेरीत त्याने जोकोविचला हरवलं आणि करंडक घेऊनच बाहेर पडला.