क्रूझ जहाजांवरील क्राफ्ट बिअर

क्रूझ जहाजांवरील क्राफ्ट बिअर : प्रवासी क्रूझ जहाजांच्या बारमध्ये मिळणारी, छोट्या ब्रुअरीतून, म्हणजे बिअरच्या कारखान्यातून, थोड्या प्रमाणात बनवून आणलेली किंवा थेट जहाजावरच तयार केलेली बिअर. हे दोन प्रकार एकाच नावाखाली विकले जातात, पण त्यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात जहाज ज्या बंदरातून सुटते, तिथल्या परिसरातील ब्रुअरीचे पिंप किंवा कॅन चढवले जातात. दुसऱ्या प्रकारात जहाजाच्या पोटातच तांब्या-स्टीलची भांडी आणि टाक्या बसवलेल्या असतात. अशी जहाजे जगात मोजकीच आहेत. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून, समोरच धार काढून दुधाचा पेला हातात देतात. काचेपलीकडच्या टाकीतून थेट ग्लासात आलेल्या बिअरची ओढ नेमकी त्याच जातीची आहे.

बिअर आणि जहाज यांचे नाते पर्यटनाहून खूप जुने आहे. ब्रिटिश आरमारात खलाशाला रोज एक गॅलन, म्हणजे सुमारे साडेचार लिटर बिअरचा शिधा मिळत असे. तो १८३१ मध्ये बंद झाला. पिंपात साठवलेले पाणी शेवाळत असे, त्या मानाने बिअर बरी टिकत असे. तरी उष्ण प्रदेशात तीही आंबायची आणि तिच्या जागी वाइन किंवा रम द्यावी लागे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसन यांच्या बो ब्रुअरीतील फिकट, भरपूर हॉप्स (एका वेलीची कडवट, सुगंधी फुले) घातलेली बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात येऊ लागली. महिनोन्‌महिने चालणाऱ्या या प्रवासात ती विषुववृत्त दोनदा ओलांडत असे. हिंदुस्थानसाठी पाठवल्या जाणाऱ्या या प्रकारालाच पुढे इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, हे नाव पडले. हॉजसन यांनी हा प्रकार शोधून काढला, ही कथा मात्र खरी धरू नये. जास्त हॉप्सची बिअर टिकते हे इंग्लंडमध्ये आधीपासून ठाऊक होते. त्याच काळात मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. १८१२ च्या तहाने ते इंग्रजांकडे गेले. आज घाटावरचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूरला तेव्हा स्वतःचे आरमार होते, हे इथे नोंदवावेसे वाटते.

प्रत्यक्ष जहाजावर बिअर बनवण्याचा गाजलेला प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी झाला. एचएमएस मेनेस्थिअस हे सुरुंग पेरणारे जहाज कॅनडातील व्हँकुव्हर येथे सैनिकांच्या करमणुकीसाठी नव्याने सजवले गेले आणि त्यात ब्रुअरी बसवली गेली. समुद्राचे पाणी गोडे करून तिथे बिअर बनवली जात असे. जहाज सज्ज होईपर्यंत युद्ध संपले होते, पण पूर्वेकडच्या बंदरांत थांबलेल्या सैनिकांना तिचा लाभ झाला. क्रूझ जहाजावरची पहिली ब्रुअरी २०१० मध्ये आयडाब्लू या जर्मन जहाजावर सुरू झाली. २०१६ मध्ये कार्निव्हल व्हिस्टा आले आणि अमेरिकन क्रूझ कंपन्यांत ही प्रथा रुजली. त्या जहाजावरच्या रेडफ्रॉग पबमध्ये गव्हाची बिअर, आयपीए आणि कॉफी घातलेली स्टाउट, म्हणजे भाजक्या माल्टची काळी बिअर, बनू लागली. पहिल्या, म्हणजे बंदरावरून बिअर चढवण्याच्या प्रकारचे चांगले उदाहरण म्हणजे २०१५ चे नॉर्वेजियन एस्केप. त्यावरच्या डिस्ट्रिक्ट ब्रू हाउससाठी मायामीच्या विनवुड ब्रुअरीशी करार करण्यात आला होता.

कृती समजून घ्यायला कोल्हापूरच्या वाचकाला गुऱ्हाळाइतके जवळचे उदाहरण नाही. नाचणीचे सत्त्व काढताना नाचणीला मोड आणतात, तसे आधी जवाला मोड आणून ते वाळवतात, हाच माल्ट. तो भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की पिठातल्या स्टार्चची साखर होते. हा गोड काढा मोठ्या भांड्यात उकळतात आणि त्यात हॉप्सची फुले टाकतात. काहिलीत रस उकळताना गुळव्या रानभेंडीचे चिकट पाणी घालून मळी वर आणतो. बिअरवाले याच कामासाठी उकळीच्या शेवटी आयरिश मॉस नावाचे समुद्री शेवाळ घालतात. दोन्हीकडे वनस्पतीचा चिकटपणाच गाळ गोळा करतो. जहाजावर चुलवाण मात्र पेटवता येत नाही. आगीच्या भीतीमुळे उष्णता वाफेची किंवा विजेची असते. काढा थंड करून त्यात यीस्ट, म्हणजे साखरेचे मद्य करणारे किण्व, सोडले की एल जातीची बिअर १८ ते २२ अंशांत आठवड्या-दोन आठवड्यांत तयार होते. लागर जातीच्या बिअरला त्याहून थंड टाकी आणि कित्येक आठवडे लागतात. जहाजावर जागा तोलून-मापून मिळते, त्यामुळे इतके दिवस टाकी अडवून ठेवणे महागात पडते. शिवाय डुलत्या जहाजात गाळ नीट बसत नाही. गव्हाची बिअर किंवा न गाळलेली झ्विकल बिअर मुळातच गढूळ असल्यामुळे तिथे ही अडचण दोष ठरत नाही.

गुऱ्हाळाची उपमा पाण्यापाशी संपते. गुळात पाणी उडवून लावायचे असते, तर बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच राहते. पंचगंगेच्या पाण्याची चव सांगणाऱ्या शहराला याचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. जहाजावर ते इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेने बाष्प करून किंवा दाबाखाली पडद्यातून ढकलून काढतात. हाती येणारे पाणी जवळजवळ कोरे, अतिशय मृदू असते. ब्रुअरसाठी ही कोरी पाटी आहे: कॅल्शियमचे क्षार मोजून घातले की आयपीएला लागणारे कडक पाणी तयार होते, न घातले तर चेक प्रजासत्ताकातील प्लझेनसारखे मऊ राहते. प्रस्तुत लेखकाच्या मते जहाजावरच्या ब्रुअरीचे खरे वैशिष्ट्य हेच आहे, काचेची भिंत आणि तांब्याची चकाकी नव्हे.

आयात केलेल्या कॅनबाबत तारीख पाहण्याची सवय ठेवावी. जुनी आयपीए लांबच्या प्रवासासाठी होती. आजच्या आयपीएचा हॉप्सचा वास मात्र काही महिन्यांत उतरतो, उन्हात पडली तर त्याहून लवकर. नळाची, म्हणजे ड्राफ्ट बिअर उपलब्ध असेल तर आधी तिची चौकशी करावी. थोडी चव मागितली तर बहुतेक बारमध्ये देतात.

तिखट जेवणाशी जोडी लावताना कोल्हापूरकरांची बहुधा चूक होते, ती कडवट बिअर निवडण्याची. हॉप्सचा कडवटपणा मिरचीची आग वाढवतो. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल असते, कडवटपणा कमी असतो. कांदा-लसूण चटणी लावलेल्या मटणाशी ती छान जुळते. स्टाउट गोडाबरोबर, विशेषतः चॉकलेटबरोबर घ्यावी. चटणी घरून न्यायची असेल तर सीलबंद पाकीट न्यावे, कारण घरी बनवलेले पदार्थ अनेक कंपन्या जहाजावर चढवू देत नाहीत.

स्वतःची बिअर नेण्यास जवळपास सर्वत्र मनाई असते. वयाची अट कंपनी आणि प्रवासाच्या भागावर ठरते: अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर २१ वर्षे, युरोपात अनेकदा १८. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षांची अट आहे. बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर स्थानिक कर आणि कायद्यांमुळे काही बार बंद ठेवावे लागतात.

ब्रुअरी असलेली जहाजे मुख्यतः युरोप आणि अमेरिकेच्या बंदरांतून सुटतात. कोल्हापुरातून क्रूझला जायचे तर सोपी वाट मुंबईची: रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघून सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर हा क्रूझचा धक्का जवळच. कॉर्डेलिया ही क्रूझ कंपनी २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करत आली आहे. या वाटेवर ताजी क्राफ्ट बिअर चाखायची असेल तर ती जहाजापेक्षा जमिनीवर शोधणे बरे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात छोट्या ब्रुअरींची परंपरा उभी राहिली आहे, आणि पुणे तर महालक्ष्मीच्या वाटेवरच लागते.