गुडघ्याजवळ हाड मोडलं: प्लेट घालायची की सांधाच बदलायचा?

"आईचा गुडघा नाहीतरी बदलायचाच होता, मग आत्ताच बदलून टाका ना!" गुडघ्याच्या वर मांडीचं हाड मोडलं आणि एक्स-रेमध्ये सांधाही झिजलेला दिसला, की नातेवाईक हे हमखास म्हणतात. म्हणणं रास्त वाटतं. पण झिजेसाठी ठरवून केलेलं गुडघाबदल आणि फ्रॅक्चरसाठी केलेलं सांधाबदल ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत.

ठरवून केलेल्या ऑपरेशनात मांडीच्या हाडाच्या टोकाचा काही मिलिमीटरचा थर कापून त्यावर धातूचा भाग बसवतात. दोन्ही बाजूंचे अस्थिबंध (लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) शाबूत असतात आणि नवा गुडघा त्यांच्याच जोरावर स्थिर राहतो. हे अस्थिबंध ज्या टोकाला चिकटलेले असतात, नेमकं तेच टोक फ्रॅक्चरमध्ये सुटं झालेलं असतं. मग नेहमीचा सांधा धरून कोण ठेवणार? म्हणून ते टोक अख्खं काढून बिजागरीचा सांधा बसवावा लागतो. त्याचा एक लांब दांडा मांडीच्या हाडात आणि दुसरा नडगीच्या हाडात, बहुतेक वेळा सिमेंटने घट्ट केलेला.

याचा मोठा फायदा म्हणजे पेशंट सहसा एक-दोन दिवसांत पायावर पूर्ण भार देऊन उभा राहू शकतो. म्हातारपणी अंथरुणाला खिळणं म्हणजे न्यूमोनिया, बेडसोअर, पायात रक्ताच्या गुठळ्या. त्यामुळे हा फायदा खरोखर मोलाचा. पण आत जंतुसंसर्ग झाला तर मागे फिरायला जागा फार कमी उरते, कारण स्वतःचं हाड काढून टाकलेलं असतं. क्वचित पाय मांडीतून कापण्याची वेळ येते.

प्लेट (हाडावर स्क्रूने बसवलेली धातूची पट्टी) किंवा रॉड (हाडाच्या पोकळीत घातलेली सळई) वापरली तर स्वतःचं हाड राहतं. लॉकिंग प्लेटचे स्क्रू प्लेटमध्येच आटे धरून बसतात, म्हणून ठिसूळ हाडातही पकड बरी मिळते. अडचण पुढे येते. "६ ते १२ आठवडे पूर्ण भार देऊ नका" असं सांगितलं जातं, पण ऐंशीच्या आजींना वॉकर धरून एका पायावर तोल सांभाळणं जमत नाही. त्या एकतर पूर्ण भार देतात, नाहीतर उठतच नाहीत. म्हणूनच काही सर्जन रॉड आणि प्लेट दोन्ही एकत्र घालतात, म्हणजे लवकर चालवता येतं. शिवाय संधिवाताने गुडघा आखडलेला असेल तर वाकवतानाचा ताण मोडलेल्या जागेवर येतो आणि हाड जुळायला उशीर होऊ शकतो.

माझं मत स्पष्ट आहे: हाड नीट बसवून लवकर उभं करता येत असेल, तर आधी हाड जुळवावं. गुडघा नंतरही दुखला तर बदलता येतो. सांध्यापर्यंत चुरा झालाय, हाडात स्क्रू धरत नाही आणि पडण्याआधी पेशंट चालता-फिरता होता, अशा वेळी बिजागरीच्या सांध्याचा विचार जरूर करावा.

नडगीच्या वरच्या टोकाचं फ्रॅक्चर असेल आणि अस्थिबंध ठीक असतील, तर लांब दांड्याचा, बिजागरी नसलेला सांधाही चालू शकतो.

आणखी एक गल्लत नेहमी होते. साध्या पडण्याने हाड मोडलं ते बहुधा ठिसूळपणामुळे, गुडघ्याच्या झिजेमुळे नव्हे. झीज सांध्यातल्या कूर्चेची, ठिसूळपणा अंगातल्या सगळ्या हाडांचा. नव्या सांध्याने तो जात नाही आणि पुढच्या वेळी खुबा मोडू शकतो. डिस्चार्जच्या कागदावर ठिसूळपणाचं औषध लिहिलेलं नसेल, तर घरी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा.