उत्पादनाची देशोदेशी विभागणी

एखादी वस्तू एकाच ठिकाणी पूर्ण न करता तिचा आराखडा, सुटे भाग, जुळणी आणि चाचणी हे टप्पे वेगवेगळ्या देशांत वाटून देण्याची पद्धत. अर्थतज्ज्ञ रिकार्डोच्या १८१७ मधील व्यापाराच्या प्रसिद्ध उदाहरणात इंग्लंड कापड विकतो आणि पोर्तुगाल मद्य, म्हणजे दोघेही तयार मालच विकतात. आता अर्धवट मालच सीमा ओलांडतो, आणि तोही अनेकदा. १९५६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या कंटेनर वाहतुकीने मालाची चढउतार स्वस्त झाली, पुढे संगणकाने ड्रॉइंग क्षणात पोचू लागले. या दोन्हींशिवाय ही पद्धत एवढी पसरली नसती.

बडोद्यात ती डोळ्यांनी पाहता येते. हवाई दलाच्या जुन्या अव्रो विमानांच्या जागी ५६ सी-२९५ मालवाहू विमाने घेण्याचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये एअरबस या युरोपीय विमान कंपनीशी झाला. त्यांपैकी १६ स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार यायची, उरलेली ४० टाटांनी भारतात बांधायची. इंजिन कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनीचे, सांगाड्याचे भाग हैदराबादेत आणि शेवटची जुळणी बडोद्यात. इथल्या कारखान्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले, तेव्हा स्पेनचे पंतप्रधानही हजर होते.

जवळच्या सावली गावचा अनुभव जास्त शिकवणारा आहे. तिथल्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यासाठी सहा डब्यांच्या ७५ गाड्या बांधल्या गेल्या. अपंग प्रवाशांना त्या गैरसोयीच्या ठरल्या आणि त्याच राज्यातल्या मेरीबरोला नेऊन त्यांत बदल करावे लागले. चूक सावलीच्या कारागिरांची नव्हती, मंजूर झालेल्या आराखड्यातच ती होती.

कोणता टप्पा कुठे जातो, हे नुसत्या मजुरीवर ठरत नाही. जे काम कागदावर नेमके उतरवता येते, ते दूर पाठवता येते. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये, म्हणजे छोट्या कारखान्यात, लेथवरून उतरलेला जॉब (घडवलेला भाग) मायक्रोमीटरमध्ये धरतात, ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सशी, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाशी, ताडून पाहतात. शतांश मिलिमीटरने चुकला तरी रिजेक्ट. तो भाग शेवटी कोणत्या यंत्रात बसणार, हे लेथवरच्या माणसाला पुष्कळदा ठाऊकही नसते. कोणत्या टप्प्याला किती कमाई, हे तैवानच्या एसर या संगणक कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९२ च्या सुमारास वक्ररेषेने दाखवले: आराखडा आणि ब्रँड या दोन टोकांना कमाई अधिक, मधल्या जुळणीत सर्वांत कमी.

म्हणूनच सयाजीराव गायकवाड यांच्या काळात, १८९० मध्ये, बडोद्यात सुरू झालेले कलाभवन हे तंत्रविद्यालय मोठ्या मोलाचे वाटते. यंत्रकाम आणि रंगकामाच्या जोडीला तिथे रेखाटनही शिकवत. ड्रॉइंग वाचता येणारा कारागीर बडोद्याला तेव्हापासून मिळत आला; ड्रॉइंग स्वतः काढून विकणाऱ्या शेड आजही पुरेशा नाहीत, आणि खरी उणीव तिथे आहे.

साखळी लांबली की धोकाही वाढतो. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस वाहतूक ठप्प झाली. अशा वेळी एक भाग वाटेत राहिला तरी जुळणी थांबते. त्यामुळे पुष्कळ कंपन्या एकाच भागासाठी दोन देशांतले पुरवठादार धरतात किंवा जादा साठा ठेवतात. तेवढा पैसा मग गोदामात अडकून पडतो.