घबाडाचे ई-मेल

घबाडाचे ई-मेल : न काढलेल्या तिकिटाची लॉटरी, अनोळखी मृताचा वारसा किंवा परदेशी बँकेत अडकलेली रक्कम तुम्हाला मिळणार आहे असे कळवून, ती ‘सोडवण्यासाठी’ आधी पैसे उकळणारी फसवणूक. इंग्रजी नाव ‘अ‍ॅडव्हान्स फी फ्रॉड’. वर्तमानपत्रांत ‘ऑनलाइन गंडा’ या मथळ्याखाली ती इतर प्रकारांत मिसळून जाते, पण तिची चाल वेगळी आहे. इथे खाते कोणी फोडत नाही. माणूस स्वतःच्या हाताने पैसे भरतो.

असा एक मेल जवळून पाहण्यासारखा असतो. पाठवणाऱ्याच्या जागी ‘गव्हर्नर, रिझर्व्ह बँक’. त्या नावावर बोट ठेवले की मागे फुकटात उघडलेला जीमेलचा पत्ता. सुरुवात ‘डिअर बेनिफिशिअरी’ने, म्हणजे साडेचार कोटी द्यायला निघालेल्याला घेणाऱ्याचे नाव ठाऊक नाही. खाली सिंहमुद्रा, गोल शिक्का, वाकडी सही. उत्तर दिले की ‘ट्रान्सफर चार्ज’ 18,500 रुपये. ते भरले की कराचा दाखला, मग ‘अँटी टेररिस्ट सर्टिफिकेट’ नावाचा एक कागद, मग जीएसटी. दर वेळी आकडा वाढतो आणि दर वेळी ‘हे शेवटचे’. पैसे भरायचे ते मात्र कुठल्याशा गावच्या एखाद्या माणसाच्या बचत खात्यात. पोलिसांच्या भाषेत हे ‘म्यूल’ खाते, बहुधा भाड्याने घेतलेले. माणूस मध्येच थांबत नाही, कारण थांबणे म्हणजे आधी भरलेले बुडाले हे कबूल करणे.

रिझर्व्ह बँकेचे नाव नागपूरकराला तर सहज तपासता यावे. सिव्हिल लाइन्समधल्या संविधान चौकाला अनेक जण अजून ‘आरबीआय चौक’च म्हणतात, ते तिथल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीमुळे. ही बँक सर्वसामान्यांची खाती ठेवत नाही, लॉटरी वाटत नाही, कुणाचा वारसा सांभाळत नाही. हे तिने स्वतः वारंवार जाहीर केले आहे. विदेशी लॉटरीसाठी भारतातून पैसे पाठवणे तर परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली (1999) मनाईचेच आहे.

ही युक्ती संगणकाहून फार जुनी. एकोणिसाव्या शतकात युरोपात ‘स्पॅनिश कैदी’ नावाने पत्रे फिरत : श्रीमंत कैदी तुरुंगात आहे, सुटकेला थोडी मदत करा, खजिन्यात वाटा घ्या. 1980 च्या दशकात नायजेरियातून टपालाने व फॅक्सने तशीच पत्रे निघू लागली, पुढे ती ई-मेलवर आली. तिथल्या फौजदारी संहितेच्या कलमावरून या प्रकाराला ‘419’ म्हणतात. आपल्या चारसोबीसचा सख्खा शेजारीच म्हणायचा. फसतात ते फक्त भोळे, हाही गैरसमज आहे. 1995 ते 1998 या काळात ब्राझीलच्या बांको नोरोएस्ते या बँकेचे सुमारे 24 कोटी डॉलर नायजेरियाची राजधानी अबुजा इथल्या कधीही न बांधल्या गेलेल्या विमानतळापायी गेले. भामटा नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर बनून बोलत होता.

मेल इतके ढोबळ का असतात, याचे उत्तर मायक्रोसॉफ्टमधील संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये दिले. लाखो मेल पाठवायला खर्च नसतो, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी बोलायला वेळ जातो. ढोबळपणा शहाण्यांना आपोआप बाजूला काढतो. उरतात ते पैसे भरण्याची शक्यता असलेले. अशुद्ध इंग्रजीला हसून मेल पुसणारा वाचक भामट्यांना नकोच असतो.

विदर्भात या मेलचे भाऊबंद आधीपासून आहेत. ‘पैशांचा पाऊस’ पाडून देणारा मांत्रिकही आधी पूजेच्या सामानाचे पैसे घेतो, विधीत काही चूक काढतो आणि नव्या पूजेचा खर्च सांगतो. गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरले. मेलमधला मांत्रिक मात्र टाय लावून येतो. नागपुरात रेल्वे, कोळसा खाणी, सचिवालय अशा नोकऱ्यांतून निवृत्त झालेले पुष्कळ. थकबाकी, ग्रॅच्युइटी, आयकराचा परतावा अशी खरी रक्कम ज्याची यायची असते, त्याला खोटा मेल अवेळी वाटतच नाही. माझ्या मते घातक मेल हाच. करोडोंच्या लॉटरीवाला नव्हे, तर 15,490 रुपयांचा ‘रिफंड मंजूर’ सांगणारा. तिथे शुल्काऐवजी लिंक असते आणि खात्याचा तपशील मागितला जातो.

अशा वेळी पत्ता उलटा, शेवटाकडून वाचावा. आयकर विभागाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’वर संपतो, तेच शब्द मध्ये घालून शेवटी ‘डॉट कॉम’ असेल तर मालक दुसराच. बँकांनीही 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’वर न्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. ‘रिप्लाय’ दाबल्यावर वेगळाच पत्ता उमटला तरी ओळखावे.

विसरलेले पैसे खरोखरच सापडतात, पण त्यांची रीत निराळी. दहा वर्षे कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जातात. 2023 पासून ‘उद्गम’ या पोर्टलवर त्या शोधता येतात. शोधायला आपण जायचे, ओळखीचे कागद घेऊन आपल्याच बँकेच्या शाखेत. लॉटरीवरचा 30 टक्के करही बक्षिसातूनच कापून घेतात. तो आधी मागत नाहीत.

पैसे भरून झाले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. जाणाऱ्या रकमेवर समोरच्या बँकेत रोक लावता येते, पण ती पुढच्या खात्यांत पसरण्याआधी; म्हणून तास महत्त्वाचे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला खास क्रमांक) हाताशी ठेवावा आणि मेल पुसू नये, त्याच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या प्रवासाच्या नोंदीत, वाट सापडते. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66ड खाली नोंदवला जातो. त्यानंतर काही आठवड्यांनी आणखी एक मेल येऊ शकतो : तुमचे बुडालेले पैसे आमच्या कार्यालयाने शोधले आहेत, परत पाठवण्यासाठी फक्त प्रक्रिया शुल्क भरा.