एमआयएस-सी लसीमुळे? तारखा तरी बघा

मुलांना कोरोनानंतर जो एमआयएस-सी (एकाच वेळी अनेक अवयवांना सूज आणणारा आजार) व्हायचा तो कोरोनाच्या लसीमुळेच, असं अजूनही ठासून सांगतात लोक. अहो, पहिल्या केसेस एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमध्ये दिसल्या, तेव्हा लस होती कुठे? आपल्याकडे तर १५ ते १८ वाल्यांना जानेवारी २०२२ पासून मिळाली, आणि दुसऱ्या लाटेनंतर २०२१ मध्येच वॉर्डात अशी मुलं होती. होतं काय, इन्फेक्शन जाऊन २ ते ६ आठवडे झाले की शरीराची प्रतिकारशक्तीच भडकते, म्हणजे ताप उतरत नाही, डोळे लालबुंद, पोटात कळा, अंगावर पुरळ, हृदयालाही सूज. आरटी-पीसीआर बऱ्याचदा निगेटिव्हच येते! म्हणून पोट बिघडलंय समजून घरी थांबू नका हो, वेळेत आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती अँटीबॉडीज), स्टेरॉईड मिळाले की बहुतेक मुलं बरी होतात.