टेल लाइट बिघडली म्हणून अख्खी वायरिंग बदलू नका

जुन्या ट्रकचा इंडिकेटर लावला की टेल लाइटही लुकलुकते. मग ‘वायरिंग गेली, पूर्ण बदला’ हा सल्ला ठरलेलाच. बहुतेक वेळा दोष गंजलेल्या अर्थचा, म्हणजे करंट चासीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडाचा असतो. परतीची वाट अडली की करंट शेजारच्या फिलामेंटमधून जातो.

एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बल्बच्या होल्डरच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. दोन-तीन व्होल्ट दिसले की चोर सापडला. चासी चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, २.५ चौरस मिमी वायरच्या टोकाला थिंबल (बोल्टला बसणारी धातूची कडी) दाबा, स्टार वॉशर घालून बोल्ट आवळा, वरून ग्रीस.

वायर खरंच तुटली असेल तर काळं-हिरवं पडलेलं तांबं कापून टाका, सोल्डर करून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी स्लीव्ह) चढवा (स्लीव्ह आधी ओवायची, हे हमखास विसरतं). नुसत्या पिळावर टेप गुंडाळली तर पावसाळ्यात आत पाणी मुरतं.

फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणं तर निव्वळ आगीला आमंत्रण. २४ व्होल्टवर २१ वॅटचे दोन ब्रेक बल्ब दोन अँपिअरही घेत नाहीत. तरी फ्यूज उडतोय, म्हणजे वायर कुठेतरी चासीला घासतेय. आधी वायर धरणाऱ्या क्लिपांच्या जागा तपासा.