जपानचा पर्यटक व्हिसा: दोघांची फाइल कशी लावायची

पहिल्यांदाच जपान, दोघंच, पंधरा दिवस. असा बेत ठरला की बहुतेक घरांत आधी विमानाची तिकिटं बघितली जातात, मग रेल्वे पासचा हिशेब सुरू होतो आणि व्हिसा 'होईल की' म्हणून शेवटावर राहतो. हा क्रम उलटा लावावा. व्हिसाच्या फाइलमध्ये जे विचारतात ते सहलीआधी आपल्यालाही ठरवायचंच असतं: कोणत्या रात्री मुक्काम कुठे, खर्च कोण करणार, परत कधी यायचं. फाइल नीट लागली की सहलीचं अर्धं काम झालेलं असतं.

अर्ज कोणी, कुठे करायचा

भारतीय पासपोर्टवर जपानला व्हिसाशिवाय जाता येत नाही आणि विमानतळावर उतरून व्हिसा घ्यायचीही सोय नाही. फिरायला जाणाऱ्यांसाठी अल्प मुदतीचा, एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असतो, जास्तीत जास्त ९० दिवसांचा. त्यावर नोकरी किंवा कमाईचं कुठलंही काम चालत नाही.

१ एप्रिल २०२४ पासून भारतात पर्यटकांना हा व्हिसा ई-व्हिसा म्हणून मिळतो. त्यामुळे अनेकांचा समज होतो की घरबसल्या ऑनलाइन अर्ज भरला की झालं. तसं नाही. भारतात राहणाऱ्यांना आजही व्हीएफएस ग्लोबल या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीच्या जपान व्हिसा केंद्रावर कागदांची फाइल द्यावी लागते. 'ई' आहे तो फक्त हातात पडणारा व्हिसा, पासपोर्टवर स्टिकर चिकटत नाही एवढंच. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे इथे केंद्रं आहेत आणि इथले अर्ज मुंबईतल्या जपानी महावाणिज्य दूतावासाकडे जातात. पासपोर्टवर साताऱ्याचा पत्ता असला तरी राहणं बंगळुरूत असेल, तर तिथल्या राहण्याचा पुरावा जोडून तिथेच अर्ज करायचा. दुबई, सिंगापूर, लंडन किंवा अमेरिकेत निवासी परवान्यावर राहणाऱ्या आपल्या लोकांना मात्र जपानच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर थेट अर्ज करता येतो. त्यांच्यासाठी व्हीएफएसचा फेरा नाही.

केव्हा

व्हिसा मिळाल्या दिवसापासून ३ महिन्यांच्या आत जपानमध्ये पाऊल ठेवावं लागतं आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. म्हणून 'लवकर उरकून टाकू' हा आपला नेहमीचा शहाणपणा इथे अंगाशी येतो. समजा दिवाळीनंतर, १४ नोव्हेंबरला रात्री मुंबईहून निघायचं आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात व्हिसा हातात पडला तर तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बाद होणार. उलट कागद पूर्ण असले तर निर्णयाला साधारण पाच कामकाजाचे दिवस लागतात, पण ही किमान वेळ धरावी. जादा कागद मागितले किंवा मुलाखतीला बोलावलं तर आठवडे जातात, आणि दसऱ्याच्या आसपास सुट्ट्यांनी दिवस खाल्लेले असतात. निघण्याआधी पाच-सहा आठवडे ही माझ्या मते योग्य वेळ.

मुक्कामाचं वेळापत्रक

अर्जाचा नमुना दोन पानांचा आहे, तो भरायला फारसं डोकं लागत नाही. खरी मेहनत त्याला जोडायच्या दिवसवार वेळापत्रकात आहे. त्यात चार रकाने असतात: तारीख, त्या दिवशी काय करणार, संपर्क आणि मुक्कामाचं ठिकाण. अधिकारी हे वेळापत्रक, विमानाचं आरक्षण आणि हॉटेलची आरक्षणं शेजारी ठेवून तारखा पडताळतो. तीनही ठिकाणी एकच गोष्ट सांगितलेली दिसली पाहिजे.

वरचंच उदाहरण घेऊ. मुंबईहून १४ नोव्हेंबरला रात्री निघालेलं विमान टोकियोत १५ तारखेला उतरतं, जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. म्हणजे वेळापत्रक १५ पासून सुरू होणार, १४ पासून नाही. १५ ते १९ टोकियोत पाच रात्री, २० ला हाकोने, २१ ते २४ क्योतो, २५ ला हिरोशिमा, २६ ते २८ ओसाका आणि २९ ला ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत. रात्री चौदा, पण जपानमधले दिवस पंधरा. अर्जात मुक्कामाचा काळ विचारतात तिथे उतरण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून १५ लिहायचे. टोकियोत उतरून ओसाकाहून परतलं की शेवटी उलटा प्रवास करून टोकियो गाठायचा खर्चही वाचतो.

यातली २० तारखेची ओळ कशी लिहावी बघा: 'हॉटेल सोडून शिंजुकु स्टेशनवरून ओदाक्यू रेल्वेच्या रोमान्सकारने हाकोने, आशी सरोवर, मुक्काम र्योकान', पुढच्या रकान्यांत त्या र्योकानचा, म्हणजे पारंपरिक जपानी धाटणीच्या हॉटेलचा, फोन आणि पूर्ण पत्ता. २१ ला 'ओदावाराहून शिंकान्सेनने क्योतो' (शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन). इतकं पुरे. नुसतं 'साइटसीइंग' पंधरा वेळा लिहू नये, आणि तासातासाचा निबंधही नको. एकाच हॉटेलात चार रात्री असतील तर पत्ता एकदा लिहून खाली 'वरीलप्रमाणे' चालतं. जाता जाता, २३ नोव्हेंबरला जपानमध्ये सार्वजनिक सुट्टी असते आणि क्योतोत तेव्हा लाल मेपल बघायला अख्खा जपान लोटलेला असतो. त्या तारखांची खोली आधी पकडा, बाकीची नंतर.

हॉटेलं विनाशुल्क रद्द करता येतील अशीच घ्यावीत. जोडप्यांनी आरक्षण करताना दोन गोष्टी बघायच्या. एक, पाहुण्यांची संख्या दोन टाकलेली असावी आणि पावतीवर शक्यतो दोघांची नावं यावीत. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी दर माणशी असतो, त्यामुळे एकाच्या नावावर खोली घेऊन दोघांनी जायची आपली सवय तिथे चालत नाही, आणि एकाच नावाची पावती असली की दुसऱ्याच्या अर्जात मुक्कामाचा पुरावाच उरत नाही. दुसरं, 'सेमी-डबल' म्हणजे जेमतेम १२० सेंटिमीटर रुंदीचा पलंग. स्वस्त दिसतो, पण चौदा रात्री काढायच्या आहेत.

दोघांचं नातं, दोघांची नावं

अर्ज प्रत्येकाचा वेगळा. पासपोर्ट, फोटो, अर्ज, वेळापत्रकाची प्रत, सगळं दोन-दोन. दोघं कमावते असतील तर दोघांनी आपापले पैशांचे कागद लावणं सर्वांत सरळ. एकाच्या कमाईवर जायचं असेल तर त्याचे आर्थिक कागद दुसऱ्याच्या अर्जालाही जोडायचे, खर्च कोण करणार हे एका पत्रात स्पष्ट लिहायचं आणि नात्याचा पुरावा द्यायचा. लग्न झालेलं नसेल तरी एकत्र जायला हरकत नाही. अशा वेळी प्रत्येकाने स्वतःच्या पायावर उभी राहील अशी फाइल करावी. अर्जात जोडीदाराचा व्यवसाय विचारणारा एक रकाना आहे, तो अनेकांकडून कोरा राहतो. दोघांच्या अर्जांत ही माहिती एकमेकांशी जुळू द्या.

आता आपल्याकडची खास अडचण. महाराष्ट्रात लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि काही घरांत पाळण्यातलं नावही बदलतात. समजा पासपोर्टवर 'वैशाली दत्तात्रय कुलकर्णी', बँकेत 'मृण्मयी अमोल देशपांडे' आणि कंपनीच्या पत्रावर 'वैशाली देशपांडे'. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण परक्या अधिकाऱ्यासमोर या तीन वेगळ्या बायका आहेत.

पासपोर्टवरचं नाव हेच अर्जातलं नाव. तिकीट आणि हॉटेलही त्याच नावाने. अर्जात 'इतर नावं' असा रकाना असतो, त्यात लग्नानंतरचं नाव लिहायचं आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडायचं. १९९८ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात मिळणारं हे प्रमाणपत्र 'नमुना इ' मध्ये असतं. ग्रामपंचायतीतून किंवा जुन्या नोंदीवरून काढलेली प्रत नुसती मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्यावं. नाव राजपत्रात छापून बदललं असेल तर त्या पानाची प्रतही लावा. लग्नपत्रिका किंवा मांडवातले फोटो कोणी मागत नाही. नोंदणीच केलेली नसेल तर व्हिसाच्या निमित्ताने का होईना ती करून टाका, पुढे शंभर ठिकाणी लागते. सहलीसाठी घाईने पासपोर्टवरचं नाव बदलायला मात्र जाऊ नका. जुन्या नावाचा वैध पासपोर्ट पूर्ण चालतो.

पैशांचे कागद

बँकेत किमान अमुक रक्कम हवी असा आकडा जपानने जाहीर केलेला नाही. बघतात ते एवढंच की वेळापत्रकात दाखवलेली सहल या माणसांना परवडते का आणि पैसा नेहमीच्या वाटेने आलेला आहे का. सहा महिन्यांचं खात्याचं विवरण बँकेच्या शिक्क्यासह, आयकर विवरणपत्रं, नोकरदाराला कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र आणि पगारपत्रकं, धंदा असेल तर जीएसटी किंवा उद्यम नोंदणी. अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून तीन लाख खात्यात वळते करून घेणं हा उपाय नाही, ती ओळ सगळ्यांत आधी डोळ्यांत भरते. मुदत ठेवीच्या पावत्या जोडा, त्यांनी मदत होते.

शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे काहींकडे विवरणपत्रच नसतं. त्यांनी सातबारा आणि आठ-अ भाषांतरासह लावावा, कारखान्याची किंवा बाजार समितीची बिलं खात्यातल्या जमांशी जुळवून द्यावीत आणि एक छोटं पत्र लिहून हे समजावून सांगावं. निवृत्तांना पेन्शनचा आदेश आणि पेन्शन जमा होणारं खातं.

अर्जात जपानमधल्या हमीदाराची आणि निमंत्रण देणाऱ्याची माहिती विचारतात. तिथे कोणी नातेवाईक बोलावत असेल तरच त्या वाटेला जा, कारण मग त्यांच्याकडचे कागदही लागतात. मित्राच्या मित्राचं नाव उगाच घुसडू नये.

फाइल दिल्यानंतर

व्हीएफएसला वेळ ठरवून जायचं. कागद ए-फोर आकारात, त्यांच्या यादीच्या क्रमाने, स्टेपल न मारता. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा आणि सहा महिन्यांच्या आतला. बोटांचे ठसे इथे घेत नाहीत, ते जपानमध्ये उतरल्यावर. भारतीयांसाठी व्हिसाचं शुल्क २०२५ पर्यंत काहीशे रुपयांतच होतं. त्यावर व्हीएफएसचा सेवाआकार पडतो, तेव्हा दोन्हींचे चालू दर जाण्याच्या दिवशी बघून घ्या.

व्हिसा नाकारला तर कारण सांगत नाहीत, आणि त्याच कामासाठी सहा महिने नव्याने अर्ज करता येत नाही. म्हणून एखादा कागद अर्धवट असताना 'बघू काय होतंय' म्हणून फाइल देऊ नये. आठवडाभर थांबलेलं परवडतं.

मिळालेला ई-व्हिसा फोनवर, इंटरनेट चालू असताना, त्यांच्या संकेतस्थळावरून उघडून दाखवायचा असतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा छापील प्रत ग्राह्य धरत नाहीत. मुंबई विमानतळावर चेक-इनलाच तो मागतात, त्यामुळे दोघांनी आपापल्या फोनवर निघण्याआधी एकदा उघडून बघावा आणि चार्जर हातातल्या बॅगेत ठेवावा. इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती 'व्हिजिट जपान वेब' या जपान सरकारच्या संकेतस्थळावर आधी भरली तर क्यूआर कोड मिळतो आणि विमानात कागद भरत बसावं लागत नाही.

सामानाचेही नियम आहेत आणि आपली माणसं तिथे हमखास अडकतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिनाभराच्या मात्रेपर्यंत नेता येतात, त्यापेक्षा जास्त हवी असतील तर आयात परवानगीचं प्रमाणपत्र आधी काढावं लागतं. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या नुसत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालत नाहीत आणि अ‍ॅम्फेटामीनची औषधं तर चिठ्ठी असली तरी बंदच. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मिरच्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत आणि मांसाचे पदार्थही बंद. चिवडा, भाजणी, मेतकूट खुशाल न्या. १० लाख येनपेक्षा जास्त रोख असेल तर जाहीर करावी लागते, पण तेवढी कोण नेतंय.

उतरल्यावर पासपोर्टवर 'टेम्पररी व्हिजिटर' चा छोटा स्टिकर लागतो. तो लागला की नाही हे खिडकीपाशीच बघा, कारण पर्यटकांचा जेआर (जपान रेल्वे) पास त्याच्याशिवाय हातात पडत नाही. मूळ पासपोर्ट कायम जवळ बाळगणं तिथे परदेशी माणसाला कायद्याने बंधनकारक आहे, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून हिंडू नका. पासचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२३ च्या दरवाढीनंतर १४ दिवसांचा साधा पास ८०,००० येनवर गेला आणि वर दिलेल्या मार्गाचं सुटं भाडं त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतं, त्यामुळे या सहलीला तो घेऊ नये. होक्काइडोत किंवा ओकिनावात गाडी चालवायची असेल तर भारतातूनच आरटीओचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या. जपानमध्ये तो चालतो आणि गाड्याही आपल्यासारख्याच डावीकडून धावतात.